अर्थ कळला, तरी वाक्य कळेना

दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि अकरावीला सायन्स, ही वाट आमच्या भागातल्या पुष्कळ मुलामुलींनी तुडवली आहे. मीही त्यातलीच. गणित आणि शास्त्र दहावीपर्यंत मराठीतून झालेलं, आणि जूनमध्ये सोलापूरच्या ज्युनिअर कॉलेजात जाऊन बसलं की तेच विषय इंग्रजीतून समोर. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. आमच्या वेळी ते पाचवीपासून असे, त्यामुळे दहावी सुटताना हाताशी सहा वर्षांचं इंग्रजी होतं. तेही धडा, प्रश्नोत्तरं आणि निबंध यांपुरतं.

लोकांना वाटतं, अशा मुलांची अडचण पारिभाषिक शब्दांची असते. माझा अनुभव वेगळा आहे. ‘त्वरण’चं ‘ॲक्सिलरेशन’ झालं, ‘संवेग’चं ‘मोमेंटम’ झालं, आणि आठवडाभरात ते जिभेवर बसलंही. हे शब्द पुस्तकात ठळक छापलेले, सर फळ्यावर त्यांची व्याख्या लिहून देत, पुढे सूत्र येई, एकक येई. अडायचं ते साध्या ठशात छापलेल्या शब्दांपाशी. ‘हेन्स’, ‘व्हेअरअज’, ‘अझ्यूम’, ‘डिड्यूस’, ‘निग्लिजिबल’, ‘रिस्पेक्टिव्हली’. हे कुणीच शिकवत नसे. फिजिक्सच्या तासाला ते येतात असं धरलेलं, आणि इंग्रजीच्या तासाला ते धड्यात आलेच तर.

एक उदाहरण अजून लख्ख आठवतं. उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्याचं गणित. सगळे आकडे दिलेले, शेवटी एक वाक्य की घर्षण ‘निग्लिजिबल’ आहे. हा शब्द ज्याला येतो त्याचं अर्धं गणित तिथेच हलकं होतं, कारण घर्षण सोडून द्यायचं. ज्याला येत नाही तो घर्षणाचा आकडा कुठे दिलाय ते शोधत बसतो. ‘रिस्पेक्टिव्हली’चंही तसंच. दोन गोळ्यांची वस्तुमानं दोन आणि पाच किलो, वेग तीन आणि चार. कोणता आकडा कोणत्या गोळ्याचा, ते हा एकच शब्द सांगतो.

घरात एक इंग्रजी-मराठी डिक्शनरी होती, खिशात मावेल एवढी जाड. तिच्यात ‘निग्लिजिबल’पुढे ‘नगण्य, उपेक्षणीय’ असं होतं. ‘सब्जेक्ट’पुढे विषय, प्रजा, कर्ता, अधीन असे चार शब्द एका रांगेत. पुस्तकात मात्र एखादी वस्तू बलाला ‘सब्जेक्टेड’ असायची, आणि त्या चारांतला कुठला घ्यायचा ते डिक्शनरी सांगत नव्हती. मी शंभर पानी वहीत पट्टीने मधोमध रेघ मारून डावीकडे शब्द आणि उजवीकडे अर्थ लिहायला लागले. शब्द ओळखीचे झाले खरे. पण ओळखीच्या चार शब्दांचं वाक्य समोर आलं की ते सलग उलगडत नसे.

ही गाठ सुटायला लागली ती कॉलेजच्या लायब्ररीत. तिथे संदर्भ विभागात, घरी न देण्याच्या पुस्तकांत, ऑक्सफर्डचा शिकणाऱ्यांसाठीचा कोश होता. लायब्ररीच्या बाईंनी माझी वही पाहिली आणि तो कोश टेबलावर आणून ठेवला. म्हणाल्या, “यात मराठी नाही. पण प्रत्येक शब्दाखाली वाक्य आहे, ते वाच.”

हा कोश मुळात इंग्रजांसाठी नाहीच, हे मला पुढे कळलं. ए. एस. हॉर्नबी नावाचे गृहस्थ १९२४ साली जपानात इंग्रजी शिकवायला गेले. शब्दाचा अर्थ सांगून विद्यार्थ्याला तो वापरता येत नाही, त्याच्यापुढे-मागे काय येतं तेही सांगावं लागतं, हे तिथल्या वर्गांत त्यांच्या ध्यानात आलं. त्यांचा कोश आधी १९४२ मध्ये टोकियोत छापला गेला, आणि ऑक्सफर्डने तो १९४८ मध्ये काढला. म्हणजे जपानी मुलांच्या अडचणीतून निघालेलं हे पुस्तक सोलापूरच्या मुलीच्या कामी येत होतं, कारण अडचण तीच होती.

त्या कोशातली गंमत अशी की अर्थ सोप्या इंग्रजीत दिलेला असतो. कल्पना हॉर्नबींच्याही आधीची आणि आपल्या शेजारची. ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात काम केलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९३५ साली एक कोश केला, त्यात सगळे अर्थ अवघ्या १४९० शब्दांत सांगितले होते. एवढे शब्द ज्याला येतात त्याला बाकीचे सगळे उघडता येतात, असा तो हिशेब.

माझ्या वहीत तिसरा रकाना आला. कोशातलं वाक्य उतरवायचं, आणि त्याखाली त्याच घडणीचं एक वाक्य आपल्या घरातलं करायचं. दुसरा भाग बाईंचा नव्हता, तो माझ्या वडिलांमुळे आला.

अण्णा एसटीत कंडक्टर. त्यांच्या बोलण्यात इंग्रजी शब्दांची खाणच होती आणि त्यांना ते ठाऊकही नव्हतं. वेबिल, शेड्यूल, ड्युटी, लगेज, स्टेज, ब्रेकडाउन, अलाउन्स, रिलीव्हर. मुंबईच्या रातराणीवर ड्युटी असली की प्रवाशांनी सीटवर टाकून दिलेली इंग्रजी वर्तमानपत्रं ते घडी घालून तिकिटांच्या ट्रेखाली ठेवून आणत. संध्याकाळी जेवणाआधी मी शब्द काढायची आणि ते जेवता जेवता वाक्याला माल पुरवायचे. एकदा विचारलं, “अण्णा, कॅन्सल आणि पोस्टपोन यात फरक काय?” ते म्हणाले, “कॅन्सल म्हणजे गाडी गेलीच नाही. पोस्टपोन आमच्यात नसतं. आमच्यात लेट असतं.”

तेव्हाची काही वाक्यं अजून पाठ आहेत. ‘माय फादर इज रिलक्टंट टु टेक लीव्ह.’ अण्णा रजा घ्यायला नाखूश असत हे घरात सर्वांना माहीत होतं, त्यामुळे ‘रिलक्टंट’ आणि त्याच्यामागून येणारा ‘टु’ दोन्ही एकदमच बसले. ‘द इन्कम ऑफ द लास्ट ट्रिप वॉज निग्लिजिबल.’ शेवटच्या फेरीला पाच-सात माणसं असायची, तेवढ्यावर हा शब्द कायमचा झाला. आणि ‘अण्णा अँड आई वेक अप ॲट फोर अँड फाइव्ह रिस्पेक्टिव्हली.’ हे मोठ्याने वाचून मराठीत सांगितल्यावर आई म्हणाली, “उलटं लिही. चारला मी उठते.” वाक्यात नुसती नावांची अदलाबदल केली की झालं, आकडे हलवायची गरज नाही, हे त्या भांडणातून कळलं. गोळ्यांच्या गणितातला गुंता तिथेच सुटला.

वाक्यांनी आणखी एक गोष्ट दिली, ती अर्थाच्या रकान्यात कधीच मावली नसती. मराठीत आपण चूक ‘करतो’, गृहपाठही ‘करतो’. इंग्रजीत पहिल्याला ‘मेक’ लागतं, दुसऱ्याला ‘डू’. पाऊस ‘हेवी’ असतो, पण वारा ‘स्ट्राँग’. परीक्षा आपण देतो, इंग्रज ती घेतो, म्हणजे ‘टेक’ करतो. याला नियम नाही, पाठ करायला तक्ता केला तरी तो ऐनवेळी आठवत नाही. वाक्य मात्र आठवतं, आणि त्यातला हवा तो शब्द आपोआप जोडीदार घेऊन येतो. मग मी नवा शब्द एकटा लिहिणं सोडलं. ‘डिपेंड’ नाही, ‘डिपेंड ऑन’. ‘कन्सिस्ट’ नाही, ‘कन्सिस्ट ऑफ’.

वहीला एक गोष्ट जमत नव्हती, ती म्हणजे उच्चार. डोळ्यांनी शिकलेला शब्द प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत तोंडातून काढायचा म्हटलं की घसा कोरडा पडे. त्यावर उपाय रेडिओ. आकाशवाणीच्या रात्री नऊच्या इंग्रजी बातम्या. निवेदक सावकाश बोलत, आणि विषय सकाळच्या मराठी बातम्यांतून आधीच कळलेले असत, त्यामुळे कान फक्त शब्दांकडे लावता येई. वहीतला एखादा शब्द बातमीत ऐकू आला की त्याच्यापुढे पेन्सिलीने टिंब.

पुढे मीच ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागले, आणि दर जूनला समोर तीच मुलं. आता सेमी-इंग्रजी आहे, पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी अडतं तिथेच अडतं. असं का, याचं उत्तर मला एका यादीत सापडलं. न्यूझीलंडमधल्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली अभ्यासाच्या पुस्तकांत वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी केली. रोजच्या वापरातले सुमारे २००० शब्द बाजूला काढून उरलेल्यांतली ५७० शब्दकुटुंबं त्यात आहेत, आणि अभ्यासाच्या मजकुरातले शंभरातले सुमारे दहा शब्द यांतलेच निघतात. ‘हेन्स’, ‘व्हेअरअज’, ‘अझ्यूम’, ‘डिड्यूस’, ‘डिराईव्ह’ सगळे तिथे. ते कुठल्याच एका विषयाचे नाहीत, म्हणून कुठल्याच विषयाचा शिक्षक त्यांना आपलं मानत नाही. आणि दहात एक म्हटलं तर जवळपास दर ओळीला एक आला.

म्हणून मी फिजिक्सच्या तासाची शेवटची पाच मिनिटं या शब्दांना देते. लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूच्या चिठ्ठ्या कापतो. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला स्वतःचं वाक्य, अर्थ कुठेच नाही. सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने १९७२ च्या पुस्तकात सांगितलेली कप्प्यांची पद्धत आम्ही चपलांच्या खोक्यात बसवली आहे. आलेली चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाते आणि उशिरा निघते, न आलेली पहिल्या कप्प्यात परत येते आणि उद्याच पुन्हा निघते.

अर्थ चिठ्ठीवर लिहायला मी मनाई केली आहे, कारण तो आता प्रत्येकाच्या मोबाईलवर क्षणात मिळतो, आणि तितक्याच वेगाने जातो. वाक्य मिळवायला मात्र स्वतःच्या घरात डोकवावं लागतं. गेल्या वर्षी एका मुलीने ‘व्हेअरअज’वर लिहिलं होतं की आमच्या विहिरीला मार्चपर्यंत पाणी असतं, ‘व्हेअरअज’ काकांच्या बोअरला पावसाळ्यातच असतं. तिला तो शब्द समजावून सांगायची गरज उरली नव्हती. तिने विचारलं ते निराळंच. “मॅडम, ‘बट’ लिहिलं असतं तर चाललं असतं ना?” चाललं असतं, मी म्हटलं. मग दोन्ही वाक्यं फळ्यावर लिहिली आणि वर्गाला विचारलं, कुठल्या वाक्यात काकांची तक्रार ऐकू येते आणि कुठल्यात नुसती तुलना आहे. पाच मिनिटं संपून घंटा झाली, तरी वाद चालूच होता.

किती शब्द झाले म्हणजे पुरे, असं मुलं विचारतात. आकडा सांगायचा तर वर दिलाच आहे. पण मी आकड्यापेक्षा एक कसोटी सांगते. पुस्तकातलं गणित वाचताना ठळक छापलेल्या शब्दांपाशीच थांबावं लागलं आणि बाकी वाक्य सरळ गेलं, तर तुमचं इंग्रजी सायन्सपुरतं झालं. मग जे अडेल ते फिजिक्स, आणि त्यासाठी मी आहेच.