कन्हानच्या काठचे गोटे

उन्हाळ्यात मौद्याजवळ कन्हान आकसते आणि रेतीच्या कडेने गोट्यांचे पट्टे उघडे पडतात. वीजकेंद्राच्या चिमण्या मागे टाकून मी त्या पट्ट्यांवरून प्रवाहाबरोबर निघालो. इथला गोटा उचलायचा तर पुरावा म्हणून उचलावा, असं माझं ठाम मत आहे. ही नदी छिंदवाड्याच्या सातपुड्यातून येते. कामठीजवळ पेंच आणि कोलार तिला मिळतात. त्यामुळे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा बेसॉल्ट, त्याच्या पोकळ्यांत घडलेला अकीक, कामठीचा वालुकाश्म आणि सौंसरच्या अतिप्राचीन खडकांतली पांढरी गारगोटी अशा दूरदूरच्या वस्तू हिच्या काठाला शेजारी बसू शकतात. १८४५ साली नागपुरात आलेल्या स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने याच मुलखाचे खडक नि जीवाश्म अभ्यासले. १८५५ साली त्याचा आणि रॉबर्ट हंटरचा नागपूर परिसराच्या भूगर्भावरचा लेख प्रसिद्ध झाला.

जाणकार म्हणतील, खडक डोंगरात जागेवरच पाहावा, वाहून आलेल्या गोट्याला पत्ता नसतो. पूर्ण पत्ता नसतो, हे खरं. पण दिशा असते, कारण नदीतला दगड वरूनच येतो. अंतराचा अंदाजही बांधता येतो. वालुकाश्म ठिसूळ, तो लांबवर टिकत नाही; त्याच्या कडा शाबूत असतील तर उगम जवळचा. अकीक कठीण, त्याला गोलाई यायला खूप घासावं लागतं. मात्र पुलाजवळची धारदार काळी खडी क्रशरची असू शकते, ती हिशोबात धरू नये.

दुसरा आक्षेप असा, की पुरात नवे गोटे येतातच, मग एक नेला तर काय बिघडलं? पूर्वी हे पटलं असतं. आता पेंचवर तोतलाडोहचं धरण आहे. धरणाच्या संथ पाण्यात जड गोटे वरच अडकतात, गेट उघडलं तरी ते खाली येत नाहीत. इकडे रेतीघाटांवर उपसा झाला की थरांचा क्रमच मोडतो. म्हणून खिसा भरण्याआधी गोटा जागेवर ठेवून फोटो घ्यावा, ठिकाण आणि तारीख लिहावी, आणि एका जातीचा एकच न्यावा. पुढे आंभोऱ्याला, वैनगंगेच्या संगमावर, हे काम जमत नाही: गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याने तिथलं पात्र पाण्याखाली गेलं आहे.