जयपूरचा पाय आणि आपला पाय

जयपूरला जाणारे हवामहाल पाहतात, आमेरचा किल्ला पाहतात, लाखेच्या बांगड्या घेतात आणि परततात. पण मंडळी, तुमच्या घरात वा भावकीत कुणाचा पाय मळणीयंत्रात गेला असेल, साखरेच्या आजाराने कापावा लागला असेल, तर या शहराची ओळख तुम्हाला निराळी होईल. इथल्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी ‘जयपूर फूट’ घडवला. १९७५ साली स्थापन झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती तो विनामूल्य बसवून देते.

विलायती पायाला बूट लागे. हा रबरी पाय अनवाणी चालतो, चिखलात भिजतो, उकिडवे बसू देतो, बांधाच्या उंचसखल जागी घोट्यात कलतो. वरची नळी एचडीपीईची, म्हणजे आपल्या पाइपलाइनच्याच जातीची!

दोन दांड्यांना धरून माणूस पहिली पावले टाकतो, तेव्हा सगळ्यांची नजर नव्या पायावर असते. तुम्ही मात्र दुसऱ्या, धडक्या पायाकडे बघा. रबरी पायाला पोटरीचा जोर नाही, पुढे ढकलण्याची ताकद नाही. माणसाचा त्यावर भरवसाही बसलेला नसतो. म्हणून तो त्यावर कमी वेळ उभा राहतो आणि धडका पाय जोराने टेकतो. जोडीतल्या एका बैलाने खांदा ढिला सोडला की दुसऱ्याच्या मानेवर जू काचते ना, तसेच हे. टाच आणि बोटांमागचा तळवा यांवर दाब वाढतो. वर्षानुवर्षांनी गुडघाही कुरकुरतो.

साखरेचा आजार असला तर अधिकच जपावे, कारण तळव्याची जाणीव बोथट होते. काटा रुतला तरी कळत नाही. अशा माणसाने बसवलेला पाय चालत असला तरी अनवाणी रानात जाऊ नये. मऊ तळाची, मागे पट्टा असलेली चप्पल वापरावी. रोज रात्री तळवा घरच्यांनी बघावा, किंवा खाली आरसा धरावा. घट्टा, फोड, लाली दिसली तर ब्लेडने खरवडू नका, दवाखाना गाठा.

आणखी एक. कापलेल्या पायाचा उरलेला भाग पहिल्या काही महिन्यांत बारीक होतो. मग तो ज्या खोळीत बसतो ती सैल पडते, माणूस लंगडतो आणि भार पुन्हा धडक्या पायावर जातो. तेव्हा खोळ पुन्हा बसवून घ्यावी. पाय बसवला त्याच दिवशी, परत कधी दाखवायला यायचे ते विचारून घ्या.