दिवाळीनंतर बघू

आमच्या घरात एक वाक्य वडिलोपार्जित आहे. जमीन भावकीत गेली, तांब्याचा हंडा मोडीत गेला, वाक्य मात्र अखंड माझ्या वाट्याला आले. ‘दिवाळीनंतर बघू.’ छपराची कौले बदलायची आहेत? दिवाळीनंतर बघू. बहिणीसाठी स्थळ पाहायचे आहे? दिवाळीनंतर बघू. आणि दिवाळी झाली की लग्नसराई येते, मग परीक्षा, मग उन्हाळा. आणि उन्हाळ्यात काही नवे करण्याजोगे हवामान नसते, हे कोणीही कबूल करील.

हे वाक्य मी बरीच वर्षे समाधानी वृत्तीचे लक्षण समजत होतो. मी मॅट्रिक झालो (आमच्या घरात दहावीला अजून मॅट्रिकच म्हणतात), चित्रकला शिकवण्याची पदविका घेतली आणि शाळेत चिकटलो. मुंबईला जे. जे.मध्ये जायचे मनात होते. गेलो नाही. ‘मास्तरांना कशाची हाव नाही,’ असे कोणी म्हटले की मी मान किंचित खाली घालून हसत असे. त्या हसण्याचा मी सराव केलेला होता, हे आज सांगायला हरकत नाही.

माणसाचा स्वभाव मोजायची आपली तीन मापे सर्वांना ठाऊक आहेत: सत्त्व, रज आणि तम. आपण त्यांचा एक जिना केला आहे. वर सत्त्व, मध्ये रज, तळाशी तम. महत्त्वाकांक्षा म्हटली की ती सरळ मधल्या पायरीवर ढकलायची, कारण धावपळ, हव्यास, नवेनवे उद्योग आरंभणे ही रजोगुणाची लक्षणे गीतेच्या चौदाव्या अध्यायात सांगितलेली आहेत. मग ज्याला महत्त्वाकांक्षा नाही तो आपोआप वरच्या पायरीवर! मी तिथे सतरंजी टाकून बसलो होतो.

या गुणांचा मराठीतला सर्वांत मोठा उलगडा आमच्याच नदीच्या काठी झाला, याचा मला फार अभिमान. रतनगडाच्या अंगाला उगम पावलेली प्रवरा भंडारदऱ्याच्या धरणातून निघून अकोल्याला येते आणि पुढे नेवाशाला जाते. त्या नेवाशाला ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली. पाणी इथून तिथे वाहत गेले. ज्ञान उलट दिशेने इथपर्यंत यायला मात्र वेळ लागला. निदान माझ्यापर्यंत यायला.

ते आले आईमुळे. तिला डोळ्यांनी दिसेनासे झाल्यावर एका चातुर्मासात मी तिला रोज ज्ञानेश्वरी वाचून दाखवत असे. अठराव्या अध्यायात कर्ता तीन प्रकारचा सांगितला आहे. सात्त्विक कर्त्याचे वर्णन आले. त्यात निरहंकारीपणा आहे, यशापयशाने न डगमगणे आहे. पण त्याबरोबर धृती आणि उत्साह हेही दोन गुण आहेत. उत्साह! मी तिथे जरा अडखळलो, पण पुढे गेलो. मग तामस कर्ता आला आणि त्याच्या लक्षणांत एक शब्द आला, ‘दीर्घसूत्री’. आईने विचारले, “म्हणजे काय रे?”

मी शाळेतल्यासारखे समजावले, “आजचे काम उद्यावर, उद्याचे परवावर असे लांबवत नेणारा.”

आई क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, “म्हणजे दिवाळीनंतर बघू.”

ती हसली. मीही हसलो. पण त्या रात्री मला २००५ सालचा जून आठवला.

तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगरांच्या कुशीत, भाताच्या खाचरांचा मुलूख आहे. तिकडच्या एका वाडीतली एक मुलगी त्या वर्षी आमच्या शाळेतून दहावीला फार चांगल्या गुणांनी पास झाली. चित्रकलेच्या मास्तराला खरे म्हणजे कोणी काही विचारीत नाही. पण तिच्या बापाची आणि माझ्या वडिलांची बाजारातली जुनी ओळख, म्हणून तो माझ्याच दारात आला. चप्पल बाहेर काढून, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला उकिडवा बसून म्हणाला, “गुर्जी, पोरगी नाशकाला सायन्सला जायचं म्हणती. धाडू का नको? तुमी म्हनाल तसं.”

मुलगी बाहेर पेरूच्या झाडाखाली उभी होती.

मी काय म्हणालो ते मला शब्दशः आठवते. “पोर स्वभावाने शांत आहे. शहरातली ओढाताण तिला सोसायची नाही. यंदा इथेच अकरावी करू दे. दिवाळीनंतर बघू.”

बापाच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. माझ्याही मनाला बरे वाटले. दिवाळीनंतर अकरावीचे प्रवेश कुठेच नसतात, हे मला ठाऊक होते. तिने बारावी इथेच केली, डी. एड.ला नाव घातले आणि पहिल्याच वर्षी तिचे लग्न झाले. लग्नाला मी गेलो होतो. पंगतीत माझ्या पानावर कोणीतरी आग्रहाने दोनदा जिलबी वाढली.

‘शांत स्वभाव’ म्हणजे मी काय पाहिले होते? ती कमी बोलत असे, एवढेच. बाकीचे सगळे माझे होते. शहराची धास्ती माझी, न गेलेल्या जे. जे.ची खूणगाठही माझी. आळस आणि भय यांना सत्त्वाची शाल पांघरून मी स्वतःचा सत्कार करीत होतो, तो करीत असतो तर एक वेळ चालले असते. ती शाल मी दुसऱ्याच्या मुलीच्या खांद्यांवर टाकली.

तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचण्याची मला खोड लागली. चरकसंहितेच्या शारीरस्थानात मनाच्या सोळा जाती सांगितल्या आहेत: सात सात्त्विक, सहा राजस, तीन तामस. गंमत पाहा. कौबेर नावाच्या जातीचा माणूस मान, स्थान, उपभोग आणि परिवार यांनी संपन्न असतो. आपण त्याला बिनदिक्कत राजस ठरवू. चरकाने त्याला सात्त्विकांत बसवले आहे! ऐंद्र जातीचा माणूस शूर, तेजस्वी, ऐश्वर्यवान आणि दूरवर पाहणारा, तोही सात्त्विकच. आता राजसांतला आसुर घ्या. तोही शूर, तोही ऐश्वर्यवान. मग फरक कुठे? आसुर हा मत्सरी, कपटी, निर्दय आणि स्वतःचीच पूजा बांधणारा आहे. म्हणजे उंच चढण्याला वैद्यबुवांची हरकत नाही. चढताना शेजाऱ्याकडे कोणत्या नजरेने पाहता, एवढेच ते तपासतात. ही कसोटी मी स्वतःला लावली. माझ्या बरोबरीच्या एका कादंबरीकाराला पारितोषिक मिळाल्याचे वाचून मी दोन दिवस अभिनंदनाचे पत्र टाकले नव्हते. कारण? ‘मला अशा गोष्टींत रस नाही.’ महत्त्वाकांक्षा नव्हती म्हणता, मग मत्सर कुठून आला होता?

अकोल्याला प्रवरेकाठी अगस्ती ऋषींचे देऊळ आहे. महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते. विंध्य पर्वताची गोष्ट आम्ही तिथेच लहानपणी ऐकली. सूर्य मेरूला प्रदक्षिणा घालतो, मला का नाही, या ईर्षेने विंध्य वाढत सुटला. अगस्ती आले, तो नमस्काराला वाकला. ‘मी परत येईपर्यंत असाच राहा,’ म्हणून ऋषी दक्षिणेला गेले ते परत आलेच नाहीत. विंध्याची खोड मोडली हे खरे, कारण त्याची वाढ मत्सरातून होती. पण प्रत्येक वाढणाऱ्याला विंध्य समजून ‘वाक, मी येतो’ असे सांगणारे आम्ही कोण अगस्ती?

आणि याच तालुक्यात दुसरी गोष्ट उभी आहे, १६४६ मीटर उंच. कळसूबाई. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. आमच्याकडे सांगतात, कळसू नावाची कोळ्यांची पोर एका घरी कामाला राहिली ती अट घालून: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. घरच्यांनी अट मोडली, तेव्हा ती निघाली ती थेट डोंगरमाथ्यावर गेली. तिला कोणी राजस म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. लोक तिला नवस बोलतात.

फार मागे कशाला जायचे? कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. घरातले लेकरू वारंवार आजारी पडू लागले, तेव्हा खतांच्या आणि संकरित वाणांच्या अन्नावर त्यांचा संशय आला, आणि त्यांनी गावरान बियाणे जमवून राखायला सुरुवात केली. पुढे बायफ संस्थेची मदत मिळाली, बियाण्यांची बँक उभी राहिली, डॉ. माशेलकरांनी त्यांना ‘बीजमाता’ म्हटले, २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. भाताचा आणि वालाचा एकही जुना वाण हातचा जाऊ द्यायचा नाही, ही केवढी हाव! पण तिला हाव म्हणायला जीभ रेटत नाही. पेरणी चुकली की वर्ष जाते. त्यामुळे डोंगरातल्या बाईला दीर्घसूत्री होणे परवडत नाही, ते चैन आम्हा पगारदारांची.

२०२५ च्या जूनमध्ये दुपारी दारात कोणी तरी चप्पल काढल्याचा आवाज आला. तीच होती. केसांत थोडी चांदी, हातात पेढ्यांचा पुडा आणि बरोबर तिच्याच अंगलोटीची एक मुलगी. मुलगी दहावी पास झाली होती.

पेरूचे झाड आता नाही. मी दोघींना आत बसवले, पाणी दिले. मला वाटले, आता ती विचारणार. आणि या खेपेला काय उत्तर द्यायचे ते मी मनात जुळवूही लागलो. चांगले, लांबलचक उत्तर होते.

“सर, हिला नाशिकला सायन्सला घातलंय. वसतिगृहाचं पण झालं,” ती म्हणाली. मग पुडा पुढे करून, आवाज जराही न चढवता, “मी विचारायला नाही आले. सांगायला आले.”

मी पेढा घेतला. काही तरी बोलायला हवे म्हणून मुलीला म्हणालो, “दिवाळीला घरी येशील ना?”

“क्लासला सुट्टी असली तर येईन,” ती म्हणाली. “नाही तर दिवाळीनंतर बघू, सर.”