आगोटीची कामं

फजरची नमाज पढून घरी आलो की पहिलं काम विहिरीचं. मे महिन्यात आमच्या विहिरीला रात्रभरात जेमतेम कमरेइतकं पाणी साठतं. पंप लावला तर थोड्याच वेळात गढूळ येतं आणि विहिरीवर भरणाऱ्या शेजारच्या दोन घरांना दुपारपर्यंत थांबावं लागतं. म्हणून या दिवसांत पंप बंद आणि रहाट चालू. मी बारा कळश्या काढतो. सहा घरात, चार माडांना, दोन कोंबड्या-मांजरांना आणि हातपाय धुवायला. पहिल्या वर्षी तळहाताला फोड आले होते. आता घट्टे पडलेत, कारकुनी केलेल्या हातांना ते जरा विचित्र दिसतात.

आमचं गाव बाणकोट खाडीच्या काठाला, मंडणगड तालुक्यात. पस्तीस वर्षं मी मुंबईत नोकरी केली. सुरुवातीची बरीच वर्षं डोंगरीला गावच्या जमातीच्या खोलीत काढली. मे महिन्यात पंधरा दिवसांची रजा मिळायची. एसटीने उतरायचो तेव्हा अढीतले आंबे पिकलेले असायचे, सांदणं वाफवलेली असायची. पंधरा दिवस खायचं, झोपायचं, लग्नांना जायचं आणि आंब्याची पेटी घेऊन परत फिरायचं. गावचा उन्हाळा म्हणजे सुट्टी, अशी माझी खरोखरच समजूत होती. निवृत्त होऊन कायमचा राहायला आलो तेव्हा कळलं की वर्षभरातली सगळ्यात जास्त कामं याच दिवसांत असतात.

पाऊस लागला की चार महिने काही सुकत नाही आणि खाडीपलीकडचा बाजारही लांब वाटू लागतो. त्यामुळे सगळी आगोट मृगाच्या आधी भरायची. लाकडं फोडून पडवीत रचायची. माडाच्या झावळ्यांची झापं विणून पश्चिमेच्या बाजूला बांधायची, नाहीतर झड थेट चुलीपर्यंत येते. 1 जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, म्हणून सुकट, बोंबील, सोडे आधीच घेऊन कडक उन्हात परत एकदा तापवून डब्यात भरायचे. अढीतले आंबे दोन दिवसांआड उलथून डागी वेगळे काढायचे. नाक हीच त्यातली खरी परीक्षा, आणि त्यात मी अजून नापास आहे.

पण मला सगळ्यात आवडतं ते आमसुलांचं काम. रातांबे पिकून लालभडक झाले की फोडायचे, आतला गर आणि बिया वेगळ्या काढायच्या. गराला मीठ लावून ठेवलं की रस सुटतो, तो आगळ. सालं उन्हात घालायची, संध्याकाळी त्याच रसात बुडवायची, सकाळी पुन्हा उन्हात. असं पाच-सहा वेळा. प्रत्येक पुटाला रंग गडद होत जातो आणि शेवटी काळीभोर, मऊ आमसुलं तयार होतात. बियाही फेकायच्या नाहीत. त्यांचं तेल निघतं, थंडीत टाचांच्या भेगांना लावायला. तिखट-मिठासारखी साधी वाटणारी ही वस्तू आठवडाभर माणसाला बांधून ठेवते. बायकोचे गुडघे गेल्यापासून वाकण्याचं काम माझं आणि बसून सूचना देण्याचं तिचं. “असर झाली की लगेच उचला, दव पडू देऊ नका,” हे ती रोज सांगते.

परवा चौथं पूट होतं. असरला मशिदीत गेलो, नमाजीनंतर चार म्हातारे ओट्यावर बोलत बसलो. डोंगरामागून ढग कधी आला कळलंच नाही. धावत घरी पोचेपर्यंत खळ्यातल्या दोन चटयांपैकी एक पूर्ण भिजली होती. दुसरी बायकोने ओढत पडवीत आणली होती. तिचे ते गुडघे, आणि ओली फरशी. मला इतकी लाज वाटली की काही बोलता येईना.

त्याच पावसात माजघर गळलं. पुढच्या पडवीची कौलं 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळात उडाली, तिथे मुलाने पत्रा घातला. दुपारी त्याखाली बसवत नाही, पण गळत नाही. माजघरावर अजून कौलंच आहेत आणि माकडं ती दरवर्षी सरकवतात. शाकारायला शेजारच्या वाडीतला जो माणूस यायचा त्याची नजर अधू झाली आणि त्याचा मुलगा मुंबईला आहे. टोप, परात, बादली असं जे हाती लागेल ते आम्ही खाली लावत होतो. तेव्हा ती सहज म्हणाली, “त्या वर्षी सात भांडी लावली होती.”

कुठल्या वर्षी, मी विचारलं.

मग हळूहळू कळलं. मुलगी चार वर्षांची, मुलगा तान्हा, माझ्या अम्मीला दम्याने बसवत नव्हतं. शाकारणीवाला आला नाही आणि पाऊस लवकर लागला. रात्रभर ती मुलांना कोरड्या कोपऱ्यात सरकवत राहिली. पहाटे पाऊस थांबल्यावर शिडी लावून स्वतः वर गेली आणि सरकलेली कौलं बसवली. खालून अम्मी शिडी धरून होती.

त्या पावसाळ्यातली तिची पत्रं माझ्या पेटीत असतील. सगळ्यांत एकच वाक्य असायचं, ‘इकडे सर्व खुशाल.’ ते वाचून मी निर्धास्त सिनेमाला जात असे.

“मला कळवलं का नाहीस?”

“कळवून काय, तुम्ही तिकडून कौलं सरळ करणार होतात?”

ती रागाने बोलली नाही. परात भरली होती, ती तिने माझ्या हातात दिली आणि मी बाहेर ओतून आलो.

इशानंतर कुवेतहून मुलाचा फोन आला. शुक्रवारचा त्याचा नेम असतो. नेहमीसारखं तिने उचललं, पाऊस पडला का, आंबे संपले का, असं बोलणं झालं आणि शेवटी ती म्हणाली, “इथे सगळं खुशाल आहे, बाळा.”

मी फोन तिच्या हातातून घेतला. म्हटलं, “अरे, माजघर गळतंय. अर्धी आमसुलं भिजली, आणि ती माझ्यामुळे भिजली.”

तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, “मग आता काय करणार, अब्बा?”

“उद्या ऊन पडलं तर मीठ लावून परत घालू,” मागून तिनेच उत्तर दिलं. “आणि त्याला विचारा, सुट्टी कधी आहे. शिडी धरायला कोणीतरी पाहिजे.”