सायकसची पालवी

इंदूरच्या जुन्या मराठी घरांचं अंगण बहुतेक ठरलेलं असतं. तुळस, जास्वंद, विद्या यावी म्हणून पोरांनी जिचं पान वहीत ठेवायचं ती मोरपंखी, आणि फाटकाच्या दोन्ही अंगांना कुंडीतला सायकस. रामबागेत काय नि राजेंद्रनगरात काय, हा सायकस वर्षभर ढिम्म. वाऱ्याला दाद देत नाही, जवळून जाणाऱ्याच्या बाहीला तेवढा टोचतो. पावसाळा लागला, माळव्याची काळी माती भिजून घमघमू लागली, की मधल्या गड्ड्यातून लव ल्यालेला, वेटोळ्या पानांचा अख्खा झुबका एकदम वर येतो.

ह्याच दिवसांवर टपलेलं एक फुलपाखरू असतं, नखाएवढं. प्लेन्स क्युपिड. हॉर्सफील्ड नावाच्या निसर्गशास्त्रज्ञानं 1829 साली त्याच्या शास्त्रीय नावात पांडव आणून बसवले. का, ते तोच जाणे. नर उडताना फिकट जांभळट-निळा दिसतो, पण त्या निळाईवर जाऊ नये, तशी निळी फुलपाखरं गवतात चिक्कार असतात. पंख मिटून बसू द्यावं. करड्या अंगावर पांढऱ्या कडांचे काळे ठिपके, मागच्या पंखाच्या कोपऱ्यात केशरी कोंदणातला काळा डोळा, आणि त्यालगत केसाएवढी शेपटी. बसल्या बसल्या पंख एकमेकांवर घासतं, तेव्हा शेपट्या मिशांसारख्या हलतात. डोकं इकडेच, असं वाटून पक्षी तिथे चोच मारतो म्हणतात. कोरड्या ऋतूतल्या पिढीचे ठिपके पुसट होतात, त्यामुळे पुस्तकातलं चित्र हाती घेऊन ओळखायला निघालेला हमखास गोंधळतो.

मादी कोवळ्या पानांवर सुटं सुटं अंडं घालते. अळी कधी हिरवी, कधी तांबूस; अंगातून गोड रस देते, म्हणून मुंग्या तिच्याभोवती राखणीला. पानं एकदा टणक झाली की तिला ती कुरतडता येत नाहीत. म्हणजे सगळा संसार पालवी कोवळी असेतोच.

सायकसला लोक पाम म्हणतात, पण त्याचं गोत देवदार-चिडाकडचं. फूल नाही, बी उघडं. अशा झाडांवर वाढणारी फुलपाखरं आणखीही आहेत; अमेरिकेत प्लेन्स क्युपिडच्याच कुळातलं एक, हेअरस्ट्रीक, चिडाच्या गोतातल्या जुनिपरवर वाढतं. माळव्यात चिडाचं बन कुठलं? इथे दक्षिण जपानची ही कुंडीतली झुडपं प्लेन्स क्युपिडच्या कामी येतात. उलट 2005 च्या सुमारास ते ग्वामला पोचलं आणि तिथल्या रानातल्या सायकसची पालवी त्यानं फस्त केली. तिथे त्याला शत्रू म्हणणं रास्तच आहे.

इंदुरात माळी झुबका पाहतो, ‘इल्ली लगी है’ म्हणतो आणि फवारणीचा पंप आणायला वळतो. पानं जाळीदार झालेली बघवत नाहीत, हे खरं. पण कुंड्या दोन असतात. गड्डा फुगताच एकीवर मच्छरदाणीचा तुकडा बांधावा, दुसरी उघडी सोडावी.