ओपनस्ट्रीटमॅपवर गोंदियाची घरे

ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून तयार केलेला आणि कोणालाही भर घालता येणारा जगाचा नकाशा आहे. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ साली ब्रिटनमध्ये त्याची सुरुवात केली. अशा नकाशात रस्ते, नद्या, गावांची नावे आधी येतात. घरे आणि त्यांचे पत्ते बहुधा सर्वांत शेवटी. गोंदिया जिल्ह्यात हे शेवटचे काम करताना प्रस्तुत लेखकाला लवकरच कळले, की घर काढणे आणि त्याचा पत्ता नोंदवणे ही दोन निराळी कामे आहेत. पहिले संगणकासमोर बसून होते. दुसऱ्यासाठी गावात जावेच लागते.

घर काढले जाते ते उपग्रहाच्या किंवा विमानातून घेतलेल्या चित्रावरून. छताच्या कोपऱ्यांवर बिंदू ठेवायचे, ते जोडून आकृती पूर्ण करायची आणि 'इमारत' म्हणून जतन करायची. गुगलच्या नकाशावरून उतरवून घेणे परवान्यात बसत नाही. ज्यांच्या वापराला परवानगी आहे तीच चित्रे घ्यावी लागतात. चित्र तिरपे घेतलेले असेल तर उंच इमारतीचे छत पायापासून सरकलेले दिसते, तेव्हा आकृती छतावर काढून पायाशी आणून ठेवावी.

गोंदियाच्या खेड्यांत उंच इमारतींचा प्रश्न फारसा येत नाही. तिथे अडते ते दुसरीकडे. कवेलूचे घर, त्याला लागून छपरी, मागे गुरांचा कोठा, आणि या सगळ्यांची छपरे एकमेकांत गेलेली. कुठे एक घर संपते आणि शेजाऱ्याचे सुरू होते हे वरून सांगता येत नाही. चित्र कापणीनंतरचे असेल तर बांध्यांमध्ये धानाचे पुंजणे उभे असतात: फिकट पिवळे, गोल किंवा लांबट, आणि सावलीही थेट झोपडीसारखी पडणारी. नवख्या माणसाला ती घरे वाटतात. संगणकाने आपोआप ओळखलेल्या इमारती आयत्या मिळतात, पण त्याही डोळ्यांखालून घातल्याशिवाय नकाशात टाकू नयेत. ओळखण्याच्या दोन खुणा उपयोगी पडतात. घराच्या दारापर्यंत मळलेली पायवाट येते, पुंजण्यापर्यंत तशी येत नाही. आणि दुसऱ्या हंगामातले चित्र लावून पाहिले की पुंजणा तिथे नसतो, घर असते.

पत्त्याचे काम याहून अवघड. नकाशातल्या पत्त्याची मूळ रचना युरोपातल्या शहरांना साजेशी आहे: रस्त्याचे नाव आणि त्यावरचा घर क्रमांक. गोंदिया शहरात पत्ता असा सांगत नाहीत. तिथे रेलटोली, मरारटोली, सिव्हिल लाईन्स सांगतात, किंवा गोरेलाल चौक, जयस्तंभ चौक यांच्या आधाराने वाट दाखवतात. तालुक्यांच्या गावांतही वार्ड आणि टोला हेच पत्त्याचे खरे घटक आहेत. अशा वेळी जवळच्या रस्त्याचे नाव ओढूनताणून प्रत्येक घराला जोडणे चूक आहे. त्यासाठी 'रस्ता' या रकान्याऐवजी 'ठिकाण' असा वेगळा रकाना आहे. त्यात टोल्याचे नाव गावकरी म्हणतात तसेच, देवनागरीत लिहावे. पिनकोडही भरावा, मात्र त्यावर फार विसंबू नये. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी रचलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झाली, ती टपाल कार्यालयापर्यंत पोहोचवण्यासाठी. ४४१६०१ म्हटले की गोंदिया कळते, घर कळत नाही.

घर क्रमांकाचा खरा घोळ दारापाशी दिसतो. गोंदिया तालुक्यातल्या एका गावात एकाच चौकटीवर तीन आकडे होते. एक ऑइलपेंटचा, ग्रामपंचायतीचा. दुसरा अर्धवट पुसलेला, कुठल्याशा जुन्या गणनेचा. तिसरा खडूचा, शेजारी 'पी' हे इंग्रजी अक्षर आणि तारीख: पोलिओ लसीकरणाच्या पथकाने घर पूर्ण झाल्याची केलेली खूण. यातला पत्ता म्हणून चालतो तो पहिलाच, कारण ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीत, तोच लिहिलेला असतो आणि घरकराच्या पावतीवरही तोच येतो. बाकीचे आकडे त्या त्या मोहिमेपुरते. रंग उडालेला असेल तर घरमालकाला करपावती दाखवण्याची विनंती करावी. आजूबाजूच्या क्रमांकांवरून अंदाज बांधून आकडा भरू नये. भावाभावांत वाटण्या झालेल्या असतात, नवी घरे मधल्या जागेत उठलेली असतात, आणि क्रमांक ओळीने जातील याची खात्री कुठेच नसते.

दारात उभे राहून आकडे लिहिणारा माणूस दिसला की प्रश्न येतातच. "भाऊ, घरकुलाची यादी आणली का?" हा प्रश्न प्रस्तुत लेखकाला वारंवार ऐकावा लागला. तो विचारणाऱ्या म्हाताऱ्या बाईची आशा खरी असते, म्हणून उत्तर आधी आणि स्पष्ट द्यावे: हे सरकारी काम नाही, यातून कोणाला घरकुल मिळत नाही आणि कोणाचा कर वाढत नाही. राहणाऱ्याचे नाव, जात, फोन यांतले काहीही नकाशात जात नाही, जाऊही नये. दुकान, दवाखाना, शाळा यांची नावे तेवढी लिहावीत.

सरकारचेही या दिशेने काम चालू आहे. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिल्या जातात. टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेला डिजिपिन सुमारे चार मीटर लांब-रुंद चौकोनाला दहा अक्षरांचा संकेत देतो. पहिल्यातून मालकी ठरते, दुसऱ्यातून जागा. टोल्याचे नाव आणि वार्ड यांची मोकळी, सर्वांना वापरता येणारी नोंद मात्र लोकांनीच करायची आहे.

तिचा उपयोग संकटात कळतो. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेला मोठा पूर आला. अशा वेळी काठावरच्या कुठल्या टोल्यात किती छपरे आहेत आणि तिथे जाणारी दुसरी वाट कोणती, हे बाहेरून आलेल्या बचाव पथकाला नकाशाच सांगू शकतो. रात्री-बेरात्री १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका गावात शिरते तेव्हाही हीच गरज असते.

म्हणून ग्रामपंचायतींनी नमुना आठमधला क्रमांक प्रत्येक दारावर टिकाऊ पाटीने लावावा, आणि गावातल्या शिकलेल्या मुलामुलींनी निदान आपल्या टोल्यातली घरे तरी नकाशावर आणावीत.