सीसीचं देणं

मी ज्यांचं देणं लागतो, त्यांतल्या बहुतेकांना माझं नावही माहीत नाही. एक जण मात्र घरातलाच, माझा आतेभाऊ. त्याच्याकडे नंतर येतो.

आमचं गाव नारायणगाव आणि खोडदच्या मधलं. टोमॅटो खुडताना मान वर केली की जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या दिसायच्या. एकूण ३०, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. चौदा खोडदजवळ एकवटलेल्या, बाकीच्या तीन दिशांना लांबवर पांगलेल्या. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, तिथे शाळांची झुंबड उडते. अशाच एका वर्षी तिथल्या एका माणसाने काळ्या पडद्यावर चार-पाच ओळी लिहिल्या, खाली ‘सीसी’ टाइप केलं आणि माझं नाव पडद्यावर उमटवलं. मी विचारलं, “सर, हे सीसी कुठून आणलं?”

“आणलं नाही बाळा, ते असतंच.”

सीसी म्हणजे सी भाषेतला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर. पुण्याला कॉलेजात गेलो तेव्हा ते नव्हतं. प्रत्येकाच्या टेबलावर नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ आणि समोर टर्बो सी या विकतच्या कंपायलरचा निळा पडदा. त्याचे पैसे कुणी भरले होते, हा प्रश्न कुणालाच पडत नसे. तेव्हा पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सच्या सीडी मिळायच्या. आतेभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, पुण्यात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. त्याने एक अंक आणून दिला आणि माझ्या जुन्या पीसीवर रात्रभर बसून लिनक्स चढवून दिलं. स्वतः त्याने आयुष्यात प्रोग्रामची एक ओळही लिहिली नाही. सकाळी मी ‘सीसी’ टाइप केलं, तर ते होतं. निळ्या पडद्यावरच्या सवयी त्या कंपायलरला चालेनात, ‘पार्स एरर’ एवढंच म्हणून तो गप्प बसे. पण होता, आणि फुकट होता.

त्या दोन अक्षरांमागे प्रत्यक्षात जीसीसी नावाचा फुकट कंपायलर बसलेला असतो, हे बऱ्याच दिवसांनी कळलं. खरी किंमत कळली ती नोकरीत. कंपनीत एक महागडं युनिक्स यंत्र आलं. त्यावर सीसी दिलं, तर उत्तर आलं की भाषेचं पॅकेज बसवलेलं नाही. कंपायलर हवा असेल तर पैसे वेगळे. नव्वदच्या दशकात हा व्यापाराचा रिवाजच झाला होता. सन मायक्रोसिस्टिम्सने सोलारिस २ या आपल्या युनिक्सबरोबर कंपायलर देणं बंद केलं. एचपीच्या युनिक्सवर, एचपी-यूएक्सवर, जो मिळायचा, तो कर्नल म्हणजे यंत्रणेचा गाभा पुन्हा बांधण्यापुरता. लाखोंचं यंत्र घ्या आणि त्याच्याशी बोलायची सोय वेगळी विकत घ्या, हा हिशोब मला आजही पटत नाही.

आम्ही म्हटलं, जीसीसीचा सोर्स तर फुकट आहे, तोच बांधू. आणि तिथेच अडलो, कारण जीसीसी बांधायलाही आधी एक सी कंपायलर लागायचा. शेवटी एका सहकाऱ्याने दुसऱ्या कुणीतरी आधीच बांधून ठेवलेला जीसीसी शोधून आणला, तेव्हा गाडी पुढे सरकली. मग पाहिलं ते अजून विसरलो नाही. उसना कंपायलर जीसीसीची पहिली आवृत्ती बांधतो, ती पहिली दुसरीला बांधते, दुसरी तिसरीला, आणि शेवटी दुसरी-तिसरी तंतोतंत जुळतात का ते तपासलं जातं. जुळल्या की उसनवारीची खूण उरत नाही.

पण वंशावळ उरतेच. सी भाषा आणि तिचा पहिला कंपायलर बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी लिहिला. स्टीव्हन जॉन्सन यांचा पीसीसी हा कंपायलर १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सबरोबर गावोगाव पोचला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये जीसीसी बाहेर काढला, तोही अर्थातच पहिल्यांदा दुसऱ्या कुणाच्या तरी कंपायलरनेच बांधून. प्रत्येक कंपायलर आधीच्याचा देणेकरी. स्टॉलमन यांचा हट्टी स्वभाव मला झेपणारा नाही, पण सोर्स उघडा राहिलाच पाहिजे ही अट त्यांनी हट्टानेच घातली, आणि तिचा फायदा मी आयुष्यभर घेतला. याच उघडेपणामुळे आयआयटी मुंबईत उदय खेडकर यांना जीसीसीचं पोट फाडून विद्यार्थ्यांना दाखवता आलं. विकतच्या कंपायलरचं कोण दाखवू देतं?

आता सीसीमागे जीसीसीच असेल असं नाही. ॲपलच्या यंत्रांवर ‘जीसीसी’ टाइप केलं तरी क्लँग हा दुसरा कंपायलर धावतो. युनिक्सच्या घराण्यातल्या फ्रीबीएसडीने २०१४ मध्ये दहाव्या आवृत्तीत सीसीमागे क्लँग बसवला, ओपनबीएसडीने २०१७ मध्ये मुख्य यंत्रांवर तेच केलं. माझे काही मित्र यावर हळहळतात. मला तसं वाटत नाही. चुका नेटकेपणाने दाखवायची क्लँगची पद्धत पाहूनच जीसीसीही बोलायला शिकला. आता तो ओळीखाली खूण करतो, ‘तुम्हाला हे म्हणायचंय का’ असंही विचारतो. ही स्पर्धा पंधरा वर्षं आधी झाली असती, तर माझे डोळे वाचले असते.

दादा आता नारायणगावात ठिबकचं सामान विकतो. परवा दुकानात बसून त्याला हे सगळं सांगत होतो, स्टॉलमनपासून. त्याने गिऱ्हाइकाला लॅटरलचं बंडल मोजून दिलं आणि म्हणाला, “त्या अमेरिकेतल्या लोकांचं ऱ्हाऊ दे. अंकाचे पैसे माझ्या खिशातून गेलते, ते कधी देतोस?”

मी पाकीट काढलं, तर म्हणाला, “आता नको. व्याज वाढू दे.”